न धुतलेली टाकी

४ जानेवारी, बुधवार

ही दैनंदिनी टायरच्या दुकानदाराने लेकीला फुकट दिली आणि लेकीने मला दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलेला आहे आणि बहुतेक सुविचारांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत. आधी त्या दुरुस्त कराव्यात आणि मग वर लिहावे, असा क्रम ठरविला आहे.

माझी सारी नोकरी मालधक्क्यावर गेली. घातक मालाचा निरीक्षक म्हणून मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी आमची ही वारली. तेव्हापासून लेक आणि जावई यांच्याकडे राहतो. त्यांचा टँकरचा व्यवसाय आहे. घराचे मागील दार उघडले की आवार सुरू होते. आजवर त्यांचे टँकर खाद्यतेल वाहत असत. आता चामड्याच्या कारखान्याला लागणारे सल्फाइडचे द्रावण वाहण्याचे काम त्यांनी घेतले आहे आणि म्हणून घरातल्या म्हाताऱ्याची आठवण झाली आहे.

"बाबा, तुम्ही नुसतं बसून सांगा. धावपळ आम्ही करू," लेक म्हणाली.

मी सकाळीच पहिली सूचना केली. माल उतरवून परतलेल्या टँकरवरील धोक्याची पाटी जावईबापूंनी काढून ठेवली होती. "रिकामाच तर आहे, बाबा," असे त्यांचे म्हणणे. मी ती पाटी पुन्हा लावायला लावली. भरलेली टाकी सर्वांना दिसते, म्हणून सगळे तिला भितात. रिकाम्या टाकीत जे उरते ते कोणालाच दिसत नाही. टाकी धुऊन निघाली नाही तोवर पाटी उतरवायची नाही.

९ जानेवारी, सोमवार

आवारात लेकीने फलक रंगवून घेतला आहे: 'परवानगीशिवाय टाकीत उतरू नये ही विनंती.' मी 'ही विनंती' हे दोन शब्द पुसून टाकले. मरणाच्या तोंडाशी उभे राहून विनंती करीत नाहीत.

चालकांचा पहिला वर्ग घेतला. त्यांतील सर्वांत जुन्या चालकाला सारे 'टॉपगिअर' म्हणतात. गाडी तो बैलगाडीसारखी चालवितो. वेग केवळ जिभेला आहे. मला तो मास्तर म्हणतो.

मी सांगितले, "या द्रावणाच्या गाळातून जो वायू सुटतो, त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. तो हवेहून जड असतो आणि तळाशी दबा धरून बसतो. थोडा असला की घाण येते. वाढला की नाकालाच मारतो आणि वास बंद होतो. म्हणून ध्यानात ठेवा. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नका. त्या क्षणी पळा."

"म्हणजे मास्तर, घाण आली तरी पळायचं आणि नाही आली तरी पळायचं," टॉपगिअर म्हणाला. "मग टाकी धुवायची कधी?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांना मालधक्क्यावरील आमची रीत सांगितली. टाकी पाण्याने धुवावी, झाकण उघडे ठेवून वारा लागू द्यावा आणि नंतर जाणत्या माणसाने झाकणाशी वाकून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घ्यावा. त्याने 'मोकळी' म्हटल्यावाचून तळाचा गाळ खरवडायला कोणी उतरू नये. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असावा. वरच्या माणसाने दोर ओढावा. काहीही झाले तरी स्वतः खाली उतरू नये. एकामागोमाग एक उतरून मेलेली माणसे मी पाहिली आहेत.

मालधक्क्यावर तो श्वास माझा असे. तेथे मला 'नाक' म्हणत. बाटलीचे बूच हुंगून मी आतला द्रव सांगत असे.

१७ जानेवारी, मंगळवार

आवारातील कार्यालयात टेबलाशी बसलो असता जळल्याचा वास आला. मी तत्काळ मुख्य बटण बंद केले. संगणक बंद पडला आणि लेकीचे अर्धे काम वाहून गेले. वायरमनला बोलावले. त्याने भिंतीवरील सर्व खोकी उघडून पाहिली.

"आजोबा, वायरी थंडगार आहेत. तुमचंच डोकं तेवढं तापलंय."

"मग हा वास कशाचा?"

"कसला वास?"

लेकीलाही वास येत नव्हता. हल्लीच्या माणसांची नाके गाड्यांच्या धुराने मेली आहेत. वास थोड्या वेळाने गेला. वायर जळते तेव्हा वासाला जी तिखट धार असते ती याला नव्हती. हा काहीसा मऊ, भाजका वास होता. पूर्वी कोठेतरी घेतलेला.

२३ जानेवारी, सोमवार

लेकीने आज माझ्यावर विनाकारण आवाज चढविला. गॅसवर दूध ठेवून ती आवारात गेली. मी शेजारच्या खोलीत फलकांचा मजकूर तपासत होतो. परतली ती ओरडतच.

"बाबा! अहो, भांडं काळंठिक्कर पडलंय! घरभर वास सुटलाय, आणि तुम्ही इथे मांडी घालून बसलाय?"

"करपले असते तर मला कळले नसते का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग खिडक्या उघडू लागली. भांडे काळे पडले होते हे मान्य. परंतु घरभर वास ही अतिशयोक्ती होय. तिला लहानपणापासून ती सवय आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदवितो. कॉफीत पूर्वीचा राम उरलेला नाही. साबणवाल्यांनीही सुगंधात काटकसर आरंभिली आहे. आवाराची स्वच्छता मात्र वाखाणण्याजोगी आहे. एवढे टँकर उभे असतात. परंतु कोठे डिझेलचासुद्धा वास नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज कपाटातून सदरा काढताना तो वास पुन्हा आला, आणि या वेळी मी त्याला ओळखले.

इस्त्रीखाली करपणाऱ्या सुती कापडाचा वास.

हिला इस्त्री कधी जमली नाही. इस्त्री फिरविता फिरविता ती बोलत असे. बोलणे रंगले की हात थांबे, आणि हात थांबला की सदरा करपे. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या मागील टोकावर तिने उमटविलेला तपकिरी त्रिकोण अजून आहे. तेव्हा मी तिला पुष्कळ बोललो होतो. "खोचल्यावर कुणाला दिसतंय?" एवढेच ती म्हणाली. खरोखरच आजवर कोणाला दिसला नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तथापि घरात इस्त्री चालू नव्हती, हे मी खात्री करून लिहितो. लेक कपडे बाहेर देते. मी पलंगावर बसून राहिलो. वास हळूहळू दाट झाला आणि मग, कोणी खोलीतून निघून जावे तसा, गेला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीने वायू मोजण्याचे मीटर आणले आहे. मुठीत मावणारी पिवळी डबी. धोका असला की ती टिवटिव करते म्हणे.

आज मी एक टाकी हुंगून 'मोकळी' म्हटले आणि डबी टिवटिवू लागली. लेकीचा चेहरा गंभीर झाला.

"बाबा, हे बघा, आकडा वर चाललाय."

"डबीला ऊन लागले असेल. ती दुकानदाराकडे परत पाठव."

"आणि ती खरी असली तर?"

"मी या कामात होतो तेव्हा त्या डबीचा कारखानाही उभा नव्हता."

जावईबापूंनी मध्यस्थी केली. ते शांत आणि थट्टेखोर आहेत. "अगं, डबीला पगार नाही, पेन्शन नाही, ती कशाला जबाबदारीनं बोलेल? बाबा मोकळी म्हणाले की मी डोळे मिटून उतरतो." आणि ते उतरलेही. गाळ थोडाच होता, लवकर वर आले. संध्याकाळी डोके दुखते म्हणून जेवले नाहीत. मोबाईल पाहत जागतात, त्याचा हा परिणाम.

डबी तपासणीसाठी दुकानात गेली. लेक दिवसभर माझ्याशी मोजके बोलली. ती माझ्यावर अविश्वास दाखविते असे नव्हे. परंतु ती मला पाहते. दुधाच्या दिवसापासून पाहते.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तो वास तीनदा आला. एकदा जिन्यात, एकदा आंघोळीनंतर, एकदा आवारात अगदी उघड्यावर, वाऱ्यात. आता मी त्याची वाट पाहतो. आला की हातातले काम थांबवितो. काल तर "बस" असे तोंडून निघून गेले. शेजारून जाणाऱ्या टॉपगिअरला वाटले, त्यालाच म्हणालो. तो बिचारा टायरवर बसला आणि त्याने घरगुती अडचणींची मोठी कहाणी मला ऐकविली.

२० फेब्रुवारी, सोमवार

कालचे लिहावयाचे आहे.

सकाळी टाकी धुऊन झाली होती. गाळ बराच होता. जावईबापूंनी दोर बांधला. वायूपासून बचावाचा मुखवटा गळ्यात लोंबत होता. 'मोकळी' म्हटल्यावर तो चेहऱ्यावर कोणी चढवीत नसे. मी टँकरवर चढलो. लेक खाली पाण्याच्या नळीपाशी होती.

"बाबा, डबी उद्या येतेय दुकानातून. उद्या करूया का?" तिने विचारले.

"उद्या टँकर भरायला जायचा आहे," मी म्हणालो.

मी वाकलो, डोळे मिटले, श्वास घेतला. आणि तो वास आला. इस्त्रीचा. त्या काळोख्या तोंडातून, ऊन, भाजका, पूर्वी कधी आला नव्हता इतका जवळ. मनाला अतिशय शांत वाटले. जणू ही म्हणत होती, की सर्व ठीक आहे.

मी म्हणालो, "मोकळी."

जावईबापू उतरले. तळाशी खोऱ्याची खरखर सुरू झाली. दोर धरण्याचे काम टॉपगिअरचे. तो शिडी चढत अर्ध्यावर आला आणि नाकावर हात धरून थांबला.

"मास्तर, सडकी अंडी कुणी फोडली इथं?"

"तुझ्या डब्यात असतील."

"माझ्या डब्यात नुसता पाव आहे. मास्तर, खरंच येतोय वास."

तेवढ्यात खरखर थांबली. हाक मारली. उत्तर नाही. टॉपगिअरने एका झेपेत वर येऊन झाकणात पाय घातला. मी त्याला कॉलर धरून मागे ओढले. लेक शिडी चढून वर आली होती. तिने आत पाहिले आणि ती आत शिरू लागली. मी तिचा दंड धरला.

"खाली कोणी जाणार नाही. दोर ओढा!"

"सोडा! बाबा, सोडा मला! तो मरतोय!"

तिने माझ्या मनगटाला दात लावले. मी सोडले नाही. एका हाताने तिला धरले, दुसऱ्या हाताने दोर धरला, आणि टॉपगिअरने दोन्ही पाय रोवून ओढले. जावईबापू वर आले तेव्हा त्यांचे ओठ राखाडी होते. आम्ही त्यांना वाऱ्याच्या बाजूला निजविले. टॉपगिअरने छाती दाबली, पुनःपुन्हा दाबली, आणि त्या वेळी तो एक शब्दही बोलला नाही. त्याला गप्प राहिलेला मी प्रथमच पाहिला.

मग जावईबापूंनी श्वास घेतला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

रुग्णालय. धोका टळला आहे, असे डॉक्टर म्हणतात. डोळे उघडतात, लेकीचा हात धरतात, पुन्हा झोपतात. लेक खुर्चीवरून उठलेली नाही. माझ्या मनगटाला परिचारिकेने पट्टी बांधली. कोणी चावले, असे तिने विचारले. मी बाही पट्टीवर ओढली.

डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "आजोबा, मनाला लावून घेऊ नका. हा वायू नाकच बंद करतो. तुमच्या जागी कुणीही असता तरी फसला असता."

टॉपगिअरही तेच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर? वास मारतो म्हणून. तुमचा काय दोष?"

स्पष्टीकरण सुबक आहे. मी ते घेऊन घरी आलो.

२२ फेब्रुवारी, बुधवार

स्पष्टीकरणात क्रमाचा दोष आहे. आधी घाण येते, मग नाक मरते. झाकण उघडल्यावर पहिल्या श्वासाला मला घाण यायला हवी होती. टॉपगिअरला ती शिडीवरून आली. माझ्या आणि त्याच्या नाकांत झाकणाच्या अगदी जवळचे नाक माझे होते.

घरात कोणी नव्हते. स्वयंपाकघरात गेलो. कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आले, वास नाही. लवंगेच्या तेलाची बाटली उघडली. नाही. साबण. नाही. कॉफीचा डबा. फिनेल. रॉकेलची जुनी चिंधी आवारातून आणून नाकाला लावली. नाही. शेवटी डोळे मिटून पुन्हा सर्व क्रमाने हुंगले आणि कांदा कोणता व चिंधी कोणती, हे केवळ बोटांनी कळले.

दूध. डिझेल. डबीची टिवटिव. जावईबापूंचे डोके.

दुपारी दुकानाचा माणूस, ठरल्यापेक्षा दोन दिवसांनी, मीटर घेऊन आला. "काका, यात काही बिघाड नाही. अगदी बरोबर चालतंय. उलट कुठे वाजलं असेल, तर तिथे कुणाला फिरकू देऊ नका."

तो गेल्यावर मी ओट्याशी उभा होतो. आणि त्या चिंध्या-बाटल्यांच्या पसाऱ्यात तो आला. करपलेले सुती कापड. तो एकटाच आला.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला सांगितले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, उभ्याउभ्या. मला वास येत नाही. बहुधा वर्षाच्या आरंभापासूनच येत नसावा. वायूने मला फसविले नाही, मीच नाक नसताना नाक म्हणून उभा राहिलो, असे सांगितले.

तिने व्हरांड्याच्या कठड्यावर हात टेकले. मग म्हणाली, "मला दुधाच्या दिवशीच संशय आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? मी?" तिचा आवाज फाटला. "चौथीत मी लिहिलेलं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून मला परत पाठवलं होतं, बाबा. तुमची चूक तुम्हाला कोण सांगणार? आणि तुमच्या एका शब्दावर मी त्याला खाली सोडला."

मी मान खाली घातली.

"उद्यापासून झाकणाजवळ जायचं नाही," ती म्हणाली. "वर्ग घ्या, पाट्या लिहा. झाकणाजवळ नाही."

"बरे," मी म्हणालो. मग तिने माझे मनगट हातात घेतले आणि पट्टी नीट बसविली.

इस्त्रीच्या वासाबद्दल मात्र मी तिला काही सांगितले नाही.

३ मार्च, शुक्रवार

जावईबापू घरी आले. जिना चढताना धाप लागते, थट्टा पूर्ववत आहे. "बाबा, डबीची पेन्शन सुरू करायला हवी," म्हणाले.

लेक मला नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नळी घालून पाहिले, बाटल्या हुंगविल्या. गेलेले परत येण्याची आशा कमी, असे म्हणाले. मग विचारले, "नसलेला वास कधी येतो का? जळका वगैरे? काहींना येतो. त्रास होत असेल तर औषधानं थांबवता येतो."

लेकीने माझ्याकडे पाहिले. तिला वायरमन आठवला असावा.

"नाही," मी म्हणालो.

५ मार्च, रविवार

दोन दिवस झोप नीट नाही. सकाळी आवारात गेलो. रुग्णालयाच्या धावपळीत कोणीतरी परतलेल्या टँकरची पाटी काढून कोपऱ्यात ठेवली होती. टँकर धुतलेला नव्हता. मी टॉपगिअरला बोलावून ती लावून घेतली आणि नेहमीचे वाक्य उच्चारू लागलो, की टाकी धुऊन निघाली नाही तोवर... आणि वाक्य पुरे करता आले नाही.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही. पाटी घट्ट बसवा."

घरात आलो. लेक घरातल्या कपड्यांच्या घड्या करीत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि इस्त्रीच्या वासाचे सांगितले. कपाटापाशी आला, जिन्यात आला, टाकीच्या तोंडाशी आला तेही सांगितले. तो आला म्हणूनच मी 'मोकळी' म्हणालो, हेही. डॉक्टरांना मी 'नाही' म्हणालो ते असत्य होते. यापुढे मला जळका वास येतो असे मी म्हटले तर कोणी धावू नये, आणि खरोखर काही जळत असेल तर माझ्या भरवशावर राहू नये; हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

"औषध घ्यायचं ना मग?" तिने हळूच विचारले.

"नको."

तिच्या हातात माझा पांढरा सदरा होता. तिने तो उलटला आणि मागच्या टोकावरील तपकिरी त्रिकोणावर अंगठा ठेवला. म्हणजे तिला तो ठाऊक होता तर.

"आईला इस्त्री कधी जमलीच नाही," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरले. "आत्ता येतोय?"

मी थांबून पाहिले. "येतो आहे. मंद."

ती माझ्या बाजूला येऊन बसली. तिने थोडे पुढे वाकून डोळे मिटले आणि, मी चालकांना शिकविले होते अगदी तसा, सावकाश, दीर्घ श्वास घेतला.

"मोकळी नाही, बाबा," ती म्हणाली.

त्या वाक्यात कर्ता नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.